स्विचची किल्ली कोणाच्या हाती?

२३ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी दिल्लीच्या एम्समधील संगणक मुके झाले. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, बिले, भेटीच्या वेळा हा सारा व्यवहार एकाएकी कागद-पेनावर आला. नोंदणी, भरती, डिस्चार्ज यांसारखी बहुतेक कामे पुन्हा संगणकावर येण्यास दोन आठवडे लागले. पुढे सरकारने संसदेत दिलेल्या लेखी उत्तरांतून घटनेचा आकार स्पष्ट झाला: ई-हॉस्पिटल प्रणालीचे पाच सर्व्हर बाधित, सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कूटबद्ध केलेली. वर्तमानपत्रांत गाजली ती खंडणीची चर्चा. परंतु सरकारी उत्तरातला सर्वांत महत्त्वाचा शब्दप्रयोग मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. अज्ञात हल्लेखोरांना आत शिरता आले याचे कारण त्यात दिले होते, ते म्हणजे नेटवर्कची अयोग्य विभागणी.

विभागणी म्हणजे नेमके काय? इमारतीत भिंत असते, ती दिसते. नेटवर्कमधली भिंत दिसत नाही. रुग्णालयाच्या एकाच मजल्यावर नोंदणीचा संगणक, प्रयोगशाळेचे यंत्र, डॉक्टरांचा लॅपटॉप आणि सुरक्षारक्षकाचा कॅमेरा एकाच कपाटातल्या एकाच पेटीला जोडलेले असतात. ती पेटी म्हणजे स्विच. (मराठी घरात स्विच म्हटले की भिंतीवरचे बटण आठवते. त्यापेक्षा रेल्वेचा सांधा आठवावा. अमेरिकेत सांध्याला स्विचच म्हणतात, आणि काम तेच आहे, आलेली गाडी योग्य रुळावर घालण्याचे.) हे चार संगणक एकमेकांशी बोलू शकतात की नाही, हे त्या पेटीत साठवलेल्या काही ओळी ठरवतात. भिंत विटांची नसून लिखित आदेशांची आहे. ज्याला त्या ओळी बदलता येतात, त्याला भिंत पाडता येते, आणि पडल्याचा आवाजही होत नाही. म्हणून विभागणीचा प्रश्न अखेर एका साध्या प्रश्नाशी येऊन ठेपतो: स्विचला आज्ञा देण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि कुठून?

या प्रश्नाचा इतिहास संगणकांहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतील दूरध्वनीचे जाळे लांब पल्ल्याच्या तारा मोकळ्या आहेत की नाहीत हे एका सुराने ओळखत असे. तो सूर होता २६०० हर्ट्झचा. गोम अशी, की हा सूर ज्या तारेवरून माणसे बोलत त्याच तारेवरून जाई. यंत्राला आज्ञा देणारा आवाज आणि माणसाचा आवाज यांत तारेला काही फरक कळत नव्हता. काही हुशार तरुणांनी, त्यात एक जन्मांध मुलगाही होता, शीळ घालून हाच सूर काढला, आणि अवघे दूरध्वनी जाळे त्यांच्या आज्ञेत आले. तारेची चूक नव्हती. अनुनादी मंडल आपल्याला ठरवून दिलेली वारंवारता ऐकते. ती कोणाच्या ओठांतून आली हे त्याने का विचारावे? शेवटी उपाय निघाला तो आज्ञांसाठी स्वतंत्र वाट काढण्याचा. १९७६ पासून अमेरिकी कंपनीने संकेत बोलण्याच्या तारांवरून काढून वेगळ्या माहितीवाहिनीवर नेण्यास आरंभ केला. बोलणे एका वाटेने, हुकूम दुसऱ्या वाटेने.

संगणकांच्या जाळ्याने हा धडा वाचला नव्हता.

२२ मे १९७३ रोजी बॉब मेटकाफ यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात एक टिपण लिहिले आणि आपल्या कल्पनेला इथरनेट हे नाव दिले. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नाव वाचून हसू येईल. प्रकाशलहरी वाहून नेणारे सर्वव्यापी माध्यम म्हणून ज्या ईथरची कल्पना केली गेली, त्याचा मागमूस १८८७ च्या मायकेलसन-मोर्ले प्रयोगात लागला नाही. ऐंशी-नव्वद वर्षांनी ते नाव एका तांब्याच्या केबलला मिळाले. नाव मात्र अचूक होते. सुरुवातीच्या इथरनेटमध्ये सगळे संगणक एकाच केबलवर लटकलेले असत आणि एकाने टाकलेला संदेश सर्वांपर्यंत पोचे. आपल्यासाठी नसलेला संदेश सोडून द्यायचा, हा शिष्टाचार होता. ती सक्ती नव्हती.

स्विच आला तो या गर्दीवर उपाय म्हणून. १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील एका छोट्या कंपनीने सात पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. कंपनीचे नाव होते कल्पना. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक. आपल्या पत्नीचे नाव त्यांनी कंपनीला दिले होते. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. स्विच प्रत्येक संगणकाचा पत्ता शिकतो आणि आलेले पाकीट ज्याचे त्यालाच देतो. त्यातूनच पुढे एका स्विचचे अनेक काल्पनिक स्विच करण्याची युक्ती निघाली, ती म्हणजे व्हीलॅन. १९९८ मध्ये तिचे मानक ठरले. प्रत्येक पाकिटावर चार बाइटची चिठ्ठी लावायची, तिच्यातले बारा बिट गटाच्या क्रमांकासाठी. शून्य आणि शेवटचा क्रमांक राखीव, म्हणजे ४०९४ गट. रुग्णालयाच्या मजल्यावरची ती अदृश्य भिंत म्हणजे ही बारा बिटांची चिठ्ठी.

आता, भिंत बांधायची तर गवंड्याला आत यावे लागते. स्विचला आज्ञा देण्याची मूळ वाट म्हणजे त्याच्या अंगावरचा कन्सोल पोर्ट: केबल घेऊन कपाटापाशी जायचे, ती लावायची, सेकंदाला ९६०० बिटांच्या संथ गतीने अक्षरे टंकायची. ही वाट सुरक्षित, कारण ती खोलीच्या कुलपामागे आहे. पण शंभर कपाटे असलेल्या संस्थेत रोज जिने चढणारा माणूस कुठून आणायचा? म्हणून स्विचला स्वतःचा नेटवर्क-पत्ता मिळाला. इथेच २६०० हर्ट्झची गोष्ट पुन्हा सुरू झाली. पाकिटे पुढे ढकलण्याचे काम स्विचमधली खास चिप करते. आज्ञा ऐकण्याचे काम शेजारचा एक छोटा प्रोसेसर करतो. प्रोसेसरपर्यंत पोचण्याची वाट मात्र त्याच तारेतून, ज्या तारेतून सर्वांची पाकिटे येतात. सांधेवाल्याची केबिन फलाटावर आली, आणि दाराला कडी नव्हती.

कडी नव्हती हे अलंकारिक विधान नाही. दूरून लॉगिन करण्यासाठी वापरला जाणारा टेलनेट हा नियमसंच १९६९ मध्ये जन्मला. तो पासवर्ड उघड अक्षरांत पाठवतो. नेटवर्कमधल्या उपकरणांची देखरेख करण्यासाठी १९८८ मध्ये एसएनएमपी आला. त्यात उपकरणाची माहिती वाचण्यासाठी जो शब्द सांगावा लागे, तो बहुतेक उपकरणांत कारखान्यातूनच ‘पब्लिक’ असे. बदल करण्यासाठीचा शब्द अनेकदा ‘प्रायव्हेट’. १९९० च्या त्याच्या अधिकृत दस्तऐवजात सुरक्षाविषयक प्रकरण आहे एका वाक्याचे, आणि ते सांगते की सुरक्षेची चर्चा येथे केलेली नाही. हा निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे ठरेल. त्या काळी नेटवर्कवर होती ती एकमेकांना ओळखणारी विद्यापीठे आणि प्रयोगशाळा. वाड्याच्या आतल्या खोल्यांना कोणी कुलूप लावत नाही. मात्र वाड्यात भाडेकरू आले आणि दिंडी दरवाजा उघडा राहू लागला, तरी आतल्या खोल्यांची सवय बदलली नाही.

बदल घडवला तो एका अर्थी एका खगोलशास्त्रज्ञाने. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल यांना संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तूट आढळली. दुसऱ्या कोणी ती पूर्णांकनाची त्रुटी म्हणून सोडून दिली असती. स्टॉल यांनी ती निरीक्षणातल्या विसंगतीसारखी हाताळली: आधी मोजायचे, मग तर्क. महिनोन्महिने पाठलाग केल्यावर धागा पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला. तिथला घुसखोर अमेरिकी लष्करी संगणकांतील माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकत होता. तो अनेक संगणकांत शिरला ते कुठल्याही अद्भुत विद्येने नव्हे. उत्पादकाने दिलेली खाती आणि त्यांचे मूळ पासवर्ड कोणी बदललेच नव्हते.

३ फेब्रुवारी १९९४ रोजी अमेरिकेच्या सर्ट केंद्राने इशारा दिला की नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड चोरून ऐकले जात आहेत आणि हजारो यंत्रांची गुपिते आधीच चोरांच्या हाती आहेत. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात असाच पासवर्ड-चोरीचा हल्ला झाला, तेव्हा तिथले संशोधक ताटू य्लोनेन यांनी एसएसएच लिहिले. त्यात सारा संवाद कूटबद्ध होतो. वर्ष संपेपर्यंत त्याचे सुमारे वीस हजार वापरकर्ते झाले होते.

भारताचे वैज्ञानिक जाळे नेमके या विश्वासाच्या काळात उभे राहिले. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. त्यात आठ भागीदार होते: पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, ज्याचे संचालक होते एस. रमाणी. सामान्य नागरिकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्याआधी जवळजवळ दहा वर्षे भारतीय शास्त्रज्ञ ईमेल वापरत होते. या पिढीने संवादाचा दुष्काळ पाहिला होता. जाळे चालू राहणे हाच तिच्या दृष्टीने विजय होता, आणि तो खराच विजय होता. कोण जोडला गेला आहे यापेक्षा कोण अजून जोडला गेलेला नाही, ही तिची चिंता.

पहिला धक्का १९९८ मध्ये बसला. मे महिन्यात पोखरणच्या चाचण्या झाल्या, आणि काही आठवड्यांतच वेगवेगळ्या देशांतली किशोरवयीन मुले ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये शिरली. केंद्राचे ईमेल त्यांच्या हाती लागले, आणि केंद्राच्या पानावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र झळकले. निषेध अणुचाचण्यांचा होता. उघडकीस आले ते दुसरेच. घुसखोरांच्या वयाची आपल्याकडे बरीच थट्टा झाली. खरे तर तोच सर्वांत गंभीर भाग होता.

पुढे जाळे प्रचंड वाढले. मार्च २०१० मध्ये मंत्रिमंडळ समितीने ५,९९० कोटी रुपये खर्चाच्या राष्ट्रीय ज्ञानजाळ्याला, म्हणजे एनकेएनला, मान्यता दिली. जिनिव्हाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरची माहिती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि कोलकात्याच्या सायक्लोट्रॉन केंद्रात येऊन पृथक्करण होते, ते अशा जाळ्यांच्या जोरावर. वाहिन्या रुंद झाल्या, स्विच हजारोंनी बसले. मात्र प्रत्येक नव्या स्विचबरोबर एक नवे दारही बसते, ही गोष्ट खरेदीच्या निविदेत क्वचितच लिहिलेली असते.

ही दारे किती मोलाची आहेत हे मार्च २०१७ मध्ये जगाला कळले. विकिलीक्सने अमेरिकेच्या सीआयएची म्हणून काही कागदपत्रे ७ मार्चला उघड केली. ती वाचून सिस्कोने आपल्याच उपकरणांची तपासणी केली आणि दहा दिवसांत जाहीर केले की ३१८ प्रकारच्या स्विचमध्ये मोठी फट आहे. फट फार बोलकी होती. एका गटातले स्विच आपसांत बोलण्यासाठी टेलनेटमधील काही खास संकेत वापरत. ते संकेत फक्त गटातल्या भावंडांकडूनच स्वीकारायला हवे होते. स्विच ते कोणाकडूनही स्वीकारत होता. पासवर्ड लागतच नव्हता. १९६९ च्या टेलनेटच्या तारेवर ओठांनी घातलेली शीळच ती. दुरुस्ती तयार होईपर्यंत सल्ला दिला गेला तो जुनाच: टेलनेट बंद करा, एसएसएच वापरा, आणि स्विचशी कोण बोलू शकतो याची यादी लावा.

दुसरा धडा एप्रिल २०१८ चा. नवा स्विच पेटीतून काढून लावला की त्याने आपली मांडणी आपोआप उतरवून घ्यावी, अशी एक सोय सिस्कोने दिली होती. तिच्यासाठी ४७८६ क्रमांकाचे दार उघडे राही, आणि समोरच्याची ओळख विचारण्याची तरतूद तिच्या रचनेतच नव्हती. मांडणी झाल्यावर ते दार लावून घ्यायचे असते. असंख्य ठिकाणी कोणी लावलेच नाही. ६ एप्रिलला हल्लेखोरांनी अशा स्विचची मांडणी पुसली आणि जागी अमेरिकी झेंडा व एक धमकी ठेवली. एकट्या इराणमध्ये साडेतीन हजार स्विच बाधित झाल्याचे तिथल्या सरकारने सांगितले. उत्पादकाचे म्हणणे, हा दोष नाही, सोयीचा गैरवापर आहे. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असेल. पण नवख्या माणसाच्या हाती जे यंत्र जाणार, त्याची मूळ अवस्था बंद असावी की उघडी, हा निर्णय यंत्र बनवणाराच घेत असतो.

मग हे दार लावायचे कसे? विद्यार्थ्यांनी हे नुसते वाचू नये, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या स्विचवर करून पाहावे. कारखान्यातून आलेल्या सिस्कोच्या स्विचचे सगळे पोर्ट एक क्रमांकाच्या व्हीलॅनमध्ये असतात, आणि सवयीने व्यवस्थापनही तिथेच ठेवले जाते. म्हणजे ग्रंथालयातला कोणताही संगणक स्विचच्या दारापाशी उभा असतो. व्यवस्थापनासाठी वेगळा गट करणे, ही पहिली पायरी. जमत असेल तर वेगळी तारच, दूरध्वनी कंपनीने १९७६ मध्ये केले तसे. नंतर यादी: अमुक पत्त्यांवरूनच लॉगिनची विनंती ऐकावी. सिस्कोच्या स्विचवरील अशा यादीच्या शेवटी एक न लिहिलेली ओळ असते, बाकी सर्वांना मनाई. या अदृश्य ओळीने अनेक तज्ज्ञांना घाम फोडला आहे, कारण यादीत स्वतःचाच पत्ता लिहायला विसरले की बसल्या फांदीवर कुऱ्हाड पडते आणि केबल घेऊन कपाट गाठावे लागते. मुरलेले लोक त्यासाठी एक युक्ती करतात. बदल करण्याआधी स्विचला सांगून ठेवायचे की दहा मिनिटांनी पुन्हा सुरू हो. बदल जमला तर तो आदेश मागे घ्यायचा, नाही जमला तर स्विच आपोआप जुन्या जतन केलेल्या मांडणीवर परततो. अट एकच, नवी मांडणी तोवर जतन करायची नाही. त्यानंतर टेलनेट आणि नको असलेले वेब-पान बंद करणे, एसएनएमपीची २००२ मध्ये प्रमाणित झालेली तिसरी आवृत्ती वापरणे, आणि सर्वांत दुर्लक्षित काम: विभागातल्या सहा जणांनी ‘ॲडमिन’ हे एकच खाते वाटून घेण्याऐवजी प्रत्येकाला आपले खाते देणे.

यांपैकी कशालाच पैसे लागत नाहीत. लागते ती गैरसोय सोसण्याची तयारी, आणि ती अर्थसंकल्पात दाखवता येत नाही. वेब-पानाचेच पाहा. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी सिस्कोने आपल्या स्विच-राउटरच्या वेब-व्यवस्थापनात दहापैकी दहा तीव्रतेची फट असल्याचे जाहीर केले, तेव्हा ज्यांचे ते पान इंटरनेटवरून दिसतच नव्हते त्यांची झोप मोडली नाही. ज्यांचे दिसत होते अशा हजारो यंत्रांत घुसखोर आधीच बसलेले होते.

भारतात विभागणी टिकल्याचे उदाहरणही आहे. ४ सप्टेंबर २०१९ रोजी सर्ट-इनने भारतीय अणुऊर्जा महामंडळाला घातक सॉफ्टवेअरची सूचना दिली. कुडनकुलम अणुवीज केंद्राचे नाव त्यात गुंतले. ऑक्टोबरच्या अखेरीस बातमी फुटली, तेव्हा केंद्राने आधी असा हल्ला शक्यच नसल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी, ३० ऑक्टोबरला, महामंडळाने संसर्ग मान्य केला. बाधित संगणक इंटरनेटला जोडलेल्या प्रशासकीय जाळ्यातला होता, आणि ते जाळे अंतर्गत महत्त्वाच्या जाळ्यापासून वेगळे होते. पहिल्या दिवसाच्या इन्काराने विश्वास कमी केला. पण अणुभट्टी सुरक्षित राहिली ती त्या इन्कारामुळे नव्हे, आधीच ठेवलेल्या अंतरामुळे. कुडनकुलममध्ये संसर्ग एका कप्प्यात अडला, तीन वर्षांनी एम्समध्ये तो सर्व्हरपर्यंत पोचला. अणुभट्टीबाबत आपण जी शिस्त गृहीत धरतो, ती रुग्णालयाबाबत धरत नाही. वास्तविक रुग्ण दोन आठवडे रांगेत उभे राहिले ते रुग्णालयातच.

एम्सच्या सात महिने आधी, २८ एप्रिल २०२२ रोजी, सर्ट-इनने देशभरासाठी निर्देश काढले होते. सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या, हे त्यातले भाग चर्चेत आले. एक कलम भौतिकशास्त्राच्या वाचकांसाठी आहे: सर्वांनी आपली संगणकीय घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळवायची. तिथली सीझियम घड्याळे भारतीय प्रमाणवेळ राखतात. म्हणजे आज नियम पाळणाऱ्या एखाद्या संस्थेतल्या स्विचमध्ये कोणी मध्यरात्री लॉगिन केले, तर नोंदीत उमटणारा तो क्षण सीझियमच्या अणूच्या सेकंदाला ९,१९,२६,३१,७७० या कंपनसंख्येपर्यंत मागे नेता येतो. त्याच ओळीत क्षणाशेजारी पत्ता आणि खात्याचे नावही उमटते. खाते सहा जणांत वाटलेले असेल, तर वेळ अणूइतकी अचूक असूनही त्या नावापुढे फक्त ‘ॲडमिन’ एवढेच दिसते.